‘तिथं आपलं कोण?’ : दलित आत्मकथनांतील विद्यापीठ

दलित आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. भूक, महारवाडा, शाळेच्या दाराबाहेर बसणे, पाणवठा, मेलेले जनावर, आईचे कष्ट यांची चर्चा विद्यापीठांच्या वर्गांत वर्षानुवर्षे चालू आहे. परंतु ज्या विद्यापीठात ही चर्चा चालते ते विद्यापीठ स्वतः मात्र या चर्चेत कोठेच नसते. आत्मकथनाचा नायक पहिलीच्या वर्गात कसा गेला हे आपले विद्यार्थी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहितात. तो पदव्युत्तर वर्गात कसा गेला, कोणते विद्यापीठ त्याने निवडले, का निवडले, तिथल्या वसतिगृहात पहिले सहा महिने त्याने कसे काढले, हे प्रश्न आपल्या समीक्षेने विचारलेले नाहीत. प्रस्थापित समीक्षेने ते विचारले नाहीत याचे मला आश्चर्य वाटत नाही. आपणही विचारले नाहीत; त्याची कारणे शोधली पाहिजेत.

एक कारण उघड आहे. ते आत्मकथनांतच आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यातला दगडू मॅट्रिक होतो आणि मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिरतो तो नोकर म्हणून, विद्यार्थी म्हणून नव्हे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शिक्षणाच्या पाठोपाठ टेलिफोन ऑपरेटरची नोकरी येते. पदवी आणि त्यापुढचे शिक्षण यांच्यामध्ये नोकरी अशी आडवी पडते. घर डोळे लावून बसलेले असते. पुढे शिकायचेच झाले तर नोकरी सांभाळून, जमेल तेव्हा, बाहेरून. ‘विद्यापीठ निवडणे’ ही क्रियाच त्या पिढीच्या अनुभवविश्वात जवळजवळ नव्हती. निवडायला पर्याय लागतो आणि सवड लागते. या माणसांजवळ दोन्ही नव्हते. तेव्हा त्यांच्या पुस्तकांत विद्यापीठ नाही, हा त्यांचा दोष मानता येत नाही.

पण हे उत्तर त्यांच्यानंतरच्या पिढीला लागू पडत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. तिच्या आणि राखीव जागांच्या आधाराने हजारो मुले-मुली पुणे, मुंबई, दिल्ली, हैदराबादच्या विद्यापीठांत गेली, अजून जात आहेत. मी त्यांतलाच एक. या पिढीचे विद्यापीठावरचे मराठी पुस्तक कोठे आहे? आणि ते नाही, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘विद्यार्थ्याचे जीवन’ म्हणून कोणते चित्र आहे?

चित्र आहे, आणि ते ‘कोसला’चे आहे. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. वसतिगृहात राहतो, मेसचा सेक्रेटरी होतो, गॅदरिंगचा सेक्रेटरी होतो, वडिलांचे पैसे उधळतो, नापास होतो आणि शेवटी गावी परततो. ही मोठी कादंबरी आहे आणि तिने मराठी गद्याला नवी भाषा दिली हे मान्य करण्यात आपण संकोच बाळगण्याचे कारण नाही. माझा आक्षेप कादंबरीवर नसून तिच्या समीक्षेवर आहे. सांगवीकराचे वैफल्य हे सर्व तरुणांचे वैफल्य, त्याचे तुटलेपण हे आधुनिक माणसाचे तुटलेपण, असे आपल्याला शिकवले गेले. आणि मीही काही काळ ते तसेच वर्गात शिकवले जाताना ऐकले. पण सांगवीकराला परतायला गाव आहे. गावात घर आहे, घराला शेत आहे, शेताचा मालक असलेला बाप आहे. त्याच्या बापाशी त्याचे भांडण आहे, परंतु भांडायलादेखील बापाजवळ काही असावे लागते. नापास होणे ही सांगवीकराची तात्त्विक भूमिका होऊ शकते, कारण नापास झाल्यावर शिष्यवृत्ती बंद होईल, खोली सोडावी लागेल, धाकट्या भावाचे शिक्षण थांबेल, वस्तीतली माणसे ‘बघा, शिकून काय झालं?’ म्हणतील, यांपैकी एकही भीती त्याच्या वाटेला नाही. ज्याला नापास होण्याची मुभा नाही त्याच्या तुटलेपणाला मराठी समीक्षेजवळ अजून शब्द नाही.

हा फरक केवळ पैशाचा नव्हे. सांगवीकर पुण्याला कंटाळतो. आपला विद्यार्थी पुण्याला घाबरतो, आणि घाबरलो हे तो कोणाला सांगत नाही.

आता प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’कडे (१९७९) वळू. पोरका मुलगा, बहिणीच्या आधाराने, उदगीरच्या बाजूच्या खेड्यात वाढलेला. तो शिकत शिकत तेव्हाच्या औरंगाबादला, नागसेनवनात पोहोचतो. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे ‘मिलिंद’ म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्यातला दलित मुलगा मिलिंदला जातो तेव्हा तो महाविद्यालयांची तुलना करून जात नाही. ‘तिथं आपली माणसं आहेत, तिथं बाबासाहेबांचं कॉलेज आहे’ एवढ्यावर जातो. पांढरपेशा वाचकाला ही निवड वाटणारच नाही. त्याला ती मजबुरी किंवा भाबडेपणा वाटेल. मला ती पूर्ण विचारांती केलेली निवड वाटते. आणि असे का वाटते हे सांगण्यासाठी थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बी. ए.चा निकाल लागला तेव्हा माझ्यापुढे तीन विद्यापीठांचे अर्ज होते. महाविद्यालयातल्या एका सहृदय सरांनी ग्रंथालय कुठले मोठे, विभागात कोण शिकवतात, नेट-सेटच्या दृष्टीने कुठे जाणे बरे, हे तासभर समजावून सांगितले. वडिलांनी एकच विचारले, “तिथं आपलं कोन हाय?” सरांना हा प्रश्न मी सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, “अरे, विद्यापीठात जातोस की सोयरीक करायला?”

त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता. परंतु वडिलांच्या प्रश्नात किती प्रश्न होते ते सरांना दिसले नाही, आणि समीक्षेलाही दिसत नाही. पहिल्या रात्री कोणाच्या खोलीवर वळकटी टाकायची? वसतिगृहाची यादी लागायला दीड-दोन महिने लागतात; तोवर वसतिगृहाच्या भाषेत ‘पॅरासाइट’ म्हणून आपल्याला खोलीत कोण ठेवून घेईल? मेसचे डिपॉझिट आधी भरायचे असते आणि शिष्यवृत्ती वर्षाच्या शेवटी, कधी वर्ष संपल्यावर येते. मधले महिने उसने कोण देईल? जात पडताळणीचा दाखला अडला तर कोणत्या खिडकीवर कोणाला भेटायचे? आणि नाव सांगितल्यावर ‘पूर्ण नाव?’ असे न विचारणारा कोणी आहे का? ग्रंथालय मोठे असणे चांगलेच. पण त्या ग्रंथालयात बसण्यापूर्वी माणसाला कोठेतरी झोपावे लागते. ‘तिथं आपलं कोण?’ हा प्रश्न संकुचित नाही. विद्यापीठ ही केवळ ज्ञानाची जागा नसून राहण्याची, जेवण्याची, उधारीची आणि ओळखीची जागा आहे, हे ज्याला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही त्या माणसाला विद्यापीठात आयुष्य घालवलेल्या माणसापेक्षा अधिक स्पष्ट कळले होते. आजही माझे विद्यार्थी अर्ज घेऊन येतात तेव्हा मी त्यांना विभागाविषयी सांगतो, आणि मग तिथे शिकणाऱ्या मुलांचे फोन नंबर देतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

मात्र या प्रश्नाची एक काळी बाजू आहे, ती लपवता कामा नये. मुलीच्या बाबतीत हाच प्रश्न प्रश्न राहत नाही, निकाल होतो. दूरच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलीला ‘तिथं आपलं कोण आहे?’ असे म्हटले जाते तेव्हा त्याचा अर्थ ‘जाऊ नकोस’ असा असतो. आधार शोधणारे वाक्य पायात बेडी घालते. चळवळीतल्या घरांतसुद्धा हे घडते.

मग ‘आपलं’ कोण? जात एक असली की माणूस आपला होतो का? या प्रश्नाचे उत्तर द्यायला बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेइतके चांगले साधन दुसरे नाही, आणि आपण ते सर्वांत कमी वापरले आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार, एवढ्या आधारावर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे ते प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. जेवण रुचले नाही. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहू लागले. चरित्रकार हे दोन-चार ओळींत सांगून पुढे जातात. त्यांना डॉक्टरेटकडे जायची घाई असते. पण दलित विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाचले तर या ओळी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली खोली मानवली नाही म्हणून सोडणारा, दुसरी शोधणारा, तिसऱ्या ठिकाणी एक मित्र मिळाल्यावर स्थिर होणारा विद्यार्थी या ओळींत आहे. त्या मित्राची मैत्री आयुष्यभर टिकली. १९२० मध्ये लंडनला अपुरे शिक्षण पुरे करायला जाताना शाहू महाराजांच्या मदतीबरोबर याच भथेनांनी दिलेले कर्जाऊ पैसे कामी आले.

याच्या शेजारी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ठेवून वाचा. बाबासाहेबांच्या या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केल्या. तीत १९१७ सालच्या बडोद्याचा प्रसंग आहे. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ‘जायचे कोठे, ठेवून घेणार कोण’ या प्रश्नाने ती परत आली, असे ते लिहितात. पुढे पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून राहणे आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेले पारशी लोक, हा भाग सर्वांना माहीत आहे. तो भाषणांतून नेहमी येतो. पण त्याच्या आधी एक छोटा तपशील आहे, त्याकडे कोणी थांबून पाहत नाही. बडोद्यात त्यांच्या ओळखीचे, अमेरिकेत शिकून आलेले मित्र होते. त्यांच्याकडे जावे का, असे त्यांच्या मनात येते. आणि ते आपल्याला घरात घेतील याची खात्री त्यांना देता येत नाही. त्यांना संकोच वाटेल, असे म्हणून ते तो विचार सोडून देतात.

विद्यापीठातल्या मैत्रीवर यापेक्षा अचूक भाष्य मी वाचलेले नाही. न्यूयॉर्कला एका खोलीत राहणारा पारशी जन्माचा मित्र होतो. बडोद्यात पारशीच काठी घेऊन येतात. परदेशात शिकलेला हिंदू तिथे मित्र असतो. इथे त्याच्या उंबऱ्याशी मैत्री थांबते. म्हणजे ‘आपलं कोण’ हे जातीवरून किंवा धर्मावरून ठरत नाही, एकट्यादुकट्या माणसाच्या चांगुलपणावरूनही पुरते ठरत नाही. ती जागा कोणत्या नियमाने चालते यावरून ठरते. वसतिगृहाच्या खोलीचा नियम वेगळा असू शकतो, घराच्या उंबऱ्याचा वेगळा. आपल्या मुलांना हे आजही कळते. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच पुस्तकावर डोके ठेवून झोपणारा मित्र दिवाळीला घरी बोलावताना गप्प होतो, आणि ते गप्प होणे दोघांनाही ऐकू येते.

मग आपण बाबासाहेबांचा हा विद्यार्थी का विसरलो? कारण आपण त्यांना फक्त ‘अठरा तास’ अभ्यास करताना पाहतो. जयंतीच्या निमित्ताने महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. मीही ते चालवले आहेत आणि त्यांची प्रेरणा खरी आहे. परंतु प्रेरणेची ही मूर्ती एकट्याची मूर्ती आहे. तिच्यात मित्र नाही, बदललेली खोली नाही, न रुचलेले जेवण नाही. विद्यापीठात गेलेला मुलगा आजारी पडतो, इंग्रजी वर्गात काहीच कळत नाही म्हणून चार दिवस खोलीत पडून राहतो, आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहून त्याला आधार वाटण्याऐवजी अपराधी वाटते. बाबासाहेबांनी अठरा तास अभ्यास केला, माझ्याने चार होत नाहीत, म्हणजे मीच नालायक, असा हिशेब तो मांडतो. ज्या माणसाने आपली माणूस म्हणून लाज घालवली त्याच्या फोटोपुढे आपल्या पोरांना लाज वाटावी, हे आपल्या लिहिण्याबोलण्याचे फलित आहे. चरित्राचे वाचन बदलले पाहिजे, ते या कारणासाठी.

‘जुळवून घेणे’ या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. विद्यापीठातल्या प्रत्येक शहाण्या माणसाचा पहिला सल्ला असतो, ‘थोडे दिवस जुळवून घे.’ मराठीत हा सल्ला आणखी कोणाला दिला जातो? सासरी निघालेल्या मुलीला. घर त्यांचे, चूल त्यांची, रीत त्यांची. तू नवीन, तेव्हा तू वाक. दलित विद्यार्थी विद्यापीठात सुनेसारखा जातो. त्याने कसे बोलावे, काय हसावे, मेसमध्ये कोणत्या टेबलावर बसावे, मुलाखतीत कोणता विषय सांगावा, हे शिकून घ्यायचे असते. त्या घराने त्याच्यासाठी काही शिकायचे असते, ही कल्पनाच या शब्दात नाही.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) संस्कृत शिकण्याची जी हकिगत आहे ती या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. नागपूरची एक दलित मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते. शाळेत संस्कृत शिकवणारे गोखले गुरुजी सोवळ्याओवळ्याचे वाटणारे गृहस्थ; मुलीला धाकधूक असते, पण ते तिला मनापासून शिकवतात. उलट एम. ए.च्या वर्गात, जिथे विद्वत्ता अधिक, तिथे विभागप्रमुखांना तिचे तिथे असणेच खुपते. शिक्षणाची पायरी जसजशी चढावी तसतशी माणसे उदार होत जातात, ही आपली भाबडी समजूत या एका हकिगतीने मोडून काढली आहे. पुढे पदवी आहे, पण नोकरी नाही. आंतरजातीय विवाह होतो, आडनाव बदलते, आणि मग सरकारी महाविद्यालयात नोकरी मिळते. कुमुद सोमकुवर हिला जे मिळाले नाही ते कुमुद पावडे हिला मिळाले, हे लेखिका कोणतीही मखलाशी न करता मांडते.

या लेखाची चर्चा बहुतेक ठिकाणी ‘जिद्दीने संस्कृत शिकलेली दलित स्त्री’ अशी होते. हे वाचन लेखिकेच्या मुद्द्यावर पाणी टाकणारे आहे. तिने जिद्दीची कथा सांगितलेली नाही. जिद्द पुरी पडली नाही, आडनाव पुरे पडले, ही कथा सांगितली आहे. ती जुळवून घ्यायला तयार होती. तिने त्यांचे घर, त्यांची भाषा, त्यांचे व्याकरण सर्व आत्मसात केले. तरी उंबऱ्यावर आडनाव विचारले गेलेच. यशोगाथा म्हणून वाचण्याची ही सवय नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’लाही (१९९३) लागू झाली आहे. ते पुस्तक मुळात बापाचे आहे, नाव तसे स्पष्ट सांगते. पण वाचक बापाला ओलांडून मुलाच्या अमेरिकन डॉक्टरेटकडे धावतो, आणि ‘बघा, मनात आणलं तर होतं’ म्हणून पुस्तक मिटतो.

विद्यापीठ बदलले की माणूस बदलतो एवढेच नव्हे, साहित्यही बदलते, याचा पुरावा आपल्या चळवळीतच आहे. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि तेथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे त्यांनी इथल्या लिहित्या तरुणांचे लक्ष वेधले. दलित साहित्याच्या तात्त्विक मांडणीत ही एक मोठी घटना होती. त्याआधी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. दूर गेल्यामुळे जात दिसायची बंद झाली नाही. दूर गेल्यावर तिचा अभ्यास करता आला. म्हणून विद्यापीठाची निवड ही विषयाची निवडही असते: कोणत्या जागी बसून आपल्या जगण्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहता येईल?

आणि नेमके हेच दार लोटले जात आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे त्या नियमाने १९१६ चा तो निबंध लिहिण्यासाठी कोणाला परदेशी जाता आले नसते. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे, बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिलेले घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. ते योग्यच झाले. पण विद्यार्थ्याचे घर जपायचे आणि विद्यार्थ्याचा विषय काढून घ्यायचा, हा व्यवहार समजून घेतला पाहिजे.

देशातही विषय दुसऱ्याच रीतीने काढून घेतला जातो. मी शिकलो त्या विभागात (नाव घेण्याचे प्रयोजन नाही) कोणताही निबंध वाटून देताना ‘दलित साहित्य’ माझ्याकडे येई. ज्ञानेश्वरी मागितली तेव्हा ‘तू तुझ्या अनुभवाचं घे ना’ असे प्रेमाने सांगण्यात आले. वर्गात ‘बलुतं’ शिकवले जात असताना सर्वांच्या माना माझ्याकडे वळत. एकीकडे अनुभव हाच तुझा विषय, आणि दुसरीकडे विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू गेलास तर ‘अनुभवाचा पूर्वग्रह’. या दोन भिंतींमध्ये आमची पिढी एम. ए., पीएच. डी. झाली.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या पिढीने हे का लिहिले नाही? खरे म्हणजे लिहिले, मराठीत नाही. नांदेडमध्ये वाढलेले सूरज एंगडे यांचे ‘कास्ट मॅटर्स’ २०१९ मध्ये आले, इंग्रजीत. त्याच वर्षी यशिका दत्त यांचे ‘कमिंग आउट अ‍ॅज दलित’ आले. कोलंबिया विद्यापीठात पत्रकारिता शिकलेल्या, जात लपवून जगलेल्या आणि रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर ती जाहीर करणाऱ्या लेखिकेचे ते आत्मकथन आहे, तेही इंग्रजीत. विद्यापीठाचा अनुभव विद्यापीठाच्या भाषेतच लिहिला जावा हे काहीसे स्वाभाविक आहे. पण मराठीत तो न येण्याची दोन कारणे मला दिसतात. एक बाजाराचे आहे. मराठी वाचकाला दलित वेदनेची एक ठरावीक चव लागली आहे. तीत उपाशी पोट आणि फाटके लुगडे लागते. मेसमध्ये पोटभर जेवणाऱ्या, जीन्स घातलेल्या, लॅपटॉप असलेल्या मुलाची घुसमट ही त्याला वेदना वाटत नाही, चोचले वाटतात. दुसरे कारण घरचे आहे, आणि ते मला अधिक अवघड वाटते. इंग्रजी पुस्तक आई वाचणार नाही. मराठी पुस्तक कोणीतरी तिला वाचून दाखवील. आम्ही सर्वांनी घरी ‘इथं समदं बरं हाय’ एवढेच कळवले आहे. आईने दागिना मोडून, बापाने मुकादमाकडून उचल घेऊन ज्या जागी पाठवले त्या जागेने आपल्याला काय केले, हे त्यांच्याच भाषेत लिहायचे म्हणजे त्यांचा त्याग पाण्यात गेला असे त्यांना सांगण्यासारखे वाटते. ‘बलुतं’ लिहिताना दया पवारांना समाजाचा रोष पत्करावा लागला. वस्तीतले उघड्यावर आणले म्हणून. आमची भीती उलटी आहे. बाहेरचे वस्तीत कसे न्यायचे?

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित गेला. वसतिगृहातून काढलेला, शिष्यवृत्ती थकलेली. विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते, असे त्याच्या अखेरच्या पत्रात आहे. थकलेल्या पैशांचा हिशेबही त्यातच आहे. ते पत्र आपण मोर्च्यांत वाचले, फलकांवर लावले. साहित्य म्हणून ते आपण वाचले नाही. लेखक होण्याची इच्छा आणि मेस-शिष्यवृत्तीची थकबाकी एकाच कागदावर येणे, हीच आमच्या विद्यापीठीय जीवनाची शैली आहे, हे त्या पत्रावरून समीक्षेला शिकता आले असते.

तसे लिहिणारा उद्या कोणी आलाच, तर त्याच्यापुढे भाषेचा प्रश्न येईल. सोनकांबळ्यांना उदगीरकडची बोली होती, ती त्यांनी वापरली. विद्यापीठातल्या मुलाची बोली कोणती? वर्गात इंग्रजी, मेसमध्ये हिंदी, विभागात प्रमाण मराठी, आणि रात्री दहानंतर, मेस बंद झाल्यावर, वसतिगृहाच्या जिन्यात उभे राहून घरी केलेल्या फोनवर गावची. एकाच दिवसात चार भाषा बदलणाऱ्या या मुलाचे एकही वाक्य अजून मराठी कादंबरीत आलेले नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे वह्या लिहितात. त्यांनी त्या मला दाखवल्या आहेत. छापू का, असे विचारल्यावर तिघांनीही एकच विचारले, घरी कळेल का?